बिनकुलपाचे आजोबा

आमच्या शेजारच्या आजोबांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकं मला घाबरवून सोडणारंही दुसरं कोणी भेटलं नाही. आजोबा म्हणजे माझे किंवा माझ्या नवऱ्याचे, नितीनचे, नात्यातले कोणी नव्हेत. ते रशियन. शिकागोजवळ नेपरव्हिलला आम्ही घर घेतलं तेव्हा डाव्या हाताच्या घरात ते आणि त्यांची बायको गालिना आधीपासून राहत होते. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि दोन्ही एका दमात म्हणायची, असा त्यांचा आग्रह. नितीननं प्रामाणिकपणे प्रयत्न केले, पण दर वेळी मधल्याच कुठल्या तरी अक्षरावर त्याची जीभ अडकायची. शेवटी मी एकदा कंटाळून सरळ 'आजोबा' म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितल्यावर त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला आणि त्या दिवसापासून आमचा फोन आला की 'हॅलो, आजोबा स्पीकिंग' म्हणू लागले. बाकीचं आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांचं इंग्रजी अर्धे शब्द गाळून, क्रियापदं वाटेल तिथे टाकून बोललेलं असायचं, पण इतकी वर्षं ऐकून मला ते मनातल्या मनात मराठीच वाटायला लागलं होतं, म्हणून इथे मराठीतच सांगते.

आजोबा कादंबरीकार होते. साध्यासुध्या नव्हे, खुनांच्या कादंबऱ्यांचे. तरुणपणी देश सोडून आले, पण लिहिलं कायम रशियनमध्येच. रशियन किराणा दुकानात त्यांच्याबरोबर गेलं की म्हाताऱ्या बायका खारवलेल्या माशांच्या पाकिटावर त्यांची सही घ्यायच्या आणि मग त्यांच्यापासून चार पावलं लांब उभ्या राहायच्या. प्रत्येक कादंबरीत निदान चार माणसं मरायची आणि त्यातली एकही सरळ मरायची नाही. आम्ही राहायला आल्यावर मी त्यांना पहिल्यांदा चहाला बोलावलं. आजोबांनी कप हातात घेतला, स्वयंपाकघर, जिना, मागचं काचेचं सरकतं दार असं सगळं नजरेनं मोजलं आणि अत्यंत आपुलकीनं म्हणाले, "या घरात तुमचा खून तीन प्रकारे करता येईल. त्यातला एक फार सुंदर आहे." गालिनानं त्यांना कोपरानं ढोसलं. ते उठले, टेबलावरची लोणी लावायची सुरी घेतली, बाहेर गेले आणि आम्ही दोघं आतून बघत असताना ते सरकतं दार बाहेरून उघडून पुन्हा आत येऊन बसले. चहा तोवर गरमच होता. दुसऱ्याच दिवशी नितीननं त्या दाराला नवीन कडी बसवली. पण त्यानंतर कित्येक महिने मी लोण्याची सुरी कपाटात लपवून ठेवत असे. तिचा काय दोष, ते मला अजून सांगता येणार नाही.

स्वतःच्या घराला त्यांनी पोलादी दार करून घेतलं होतं. त्यावर एकाखाली एक कुलपं. दारात, गॅरेजवर, मागच्या झाडावर कॅमेरे. एका खारीनं तो झाडावरचा कॅमेरा कुरतडला, तर हे दोन दिवस जेवले नाहीत. त्यांच्या मते खार कोणीतरी पाठवलेली होती. ओट्सच्या डब्यात पिस्तूल असायचं. मी एकदा वाटीभर ओट्स उसने मागायला गेले, तेव्हा गालिनानं डब्यात हात घालून आधी ते बाहेर काढलं, सिंकशेजारी ठेवलं आणि मला ओट्स मोजून दिले, जणू कढीपत्त्याची काडी बाजूला काढावी. रात्री कुठे खट्ट वाजलं की आजोबा आम्हाला फोन करायचे. आम्हाला काही झालं नाही ना हे बघायला नव्हे, तर आवाज आम्ही केला होता ना याची खात्री करायला. नितीन म्हणायचा, "यार, हा माणूस स्वतःची पुस्तकं वाचतो, हाच प्रॉब्लेम आहे."

आणि मग एका हिवाळ्यात हे सगळं उलटं झालं. त्यांच्या नव्या कादंबरीत एका म्हाताऱ्या पाद्र्याचा खून व्हायचा होता. पाद्री मरताना काहीतरी धार्मिक पुटपुटणार, म्हणून आजोबांनी आईचं जुनं बायबल खाली काढलं. देवाधर्माशी त्यांचा तोवरचा संबंध एवढाच की ईस्टरला गालिना केक करायची आणि हे खायचे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाची पानं त्यांनी वाचली, आणि वाईट करणाऱ्याला बळानं अडवू नये, कोणाचा न्याय करू नये, शपथ घेऊ नये, हे जे तिथे सांगितलं आहे ते शब्दशः तसंच सांगितलं असेल तर काय, असा एक प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो निघेचना. त्यांचा खुनी सुरा घेऊन पाद्र्याच्या खोलीच्या दारात उभा होता. महिनाभर उभाच राहिला. आजोबा रोज सकाळी लिहायला बसायचे आणि दुपारी येऊन मला सांगायचे, "अजून उभा आहे. आत येत नाही. पाद्री त्याला बस म्हणतो." मी भाजी चिरता चिरता विचारायची, मग बसत का नाही? आजोबा उदास होऊन म्हणायचे, "त्याला भीती वाटते."

आधी ते रशियन चर्चच्या पाद्र्याकडे गेले. त्यानं सांगितलं की हे साधुसंतांसाठी आहे, तुमची तब्येत सांभाळा. मग आमच्या भागातल्या एका भल्या मोठ्या अमेरिकन चर्चमध्ये गेले. तिथे कॉफी चांगली होती. प्रवचनानंतर काही शंका आहेत का, असं विचारल्यावर आजोबा उठले आणि म्हणाले की बाहेर पार्किंगमध्ये इतक्या गाड्या आहेत, त्यातली एक तरी कोणी उघडी ठेवून आलंय का? लोकांना वाटलं, चोरी झाली. निम्मी माणसं किल्ल्या चाचपत बाहेर धावली. त्यानंतर तिथल्या लोकांनी त्यांच्याशी फार प्रेमानं बोलून त्यांना दुसरं चर्च सुचवलं. तेव्हापासून आजोबा कुठल्याच चर्चला गेले नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांनी स्वतःच्या पोलादी दाराची सगळी कुलपं काढली आणि भोकांतून वारा येतो म्हणून त्यात जुने मोजे कोंबले. कॅमेरे उतरवले. पिस्तुलाचं काय करायचं, ते विकलं तर दुसऱ्याच्या हातात जाणार, म्हणून त्यांनी ते करवतीनं कापायचं ठरवलं आणि पकडायला मदत हवी म्हणून नितीनला गॅरेजमध्ये बोलावलं. नितीननं दारातूनच विचारलं, "गोळ्या काढल्यात ना?" आजोबा थोडा विचार करून म्हणाले, "बहुतेक." नितीन त्यांच्या जुन्या फ्रीजच्या मागे उभा राहून तासभर फक्त तोंडी सूचना देत होता. घरी आला तेव्हा त्याचा शर्ट घामानं चिंब होता, आणि बाहेर बर्फ पडत होतं.

पुढची दोन वर्षं आमची पूर्ण गल्ली जीव मुठीत धरून जगली. मांस सोडल्यामुळे आजोबा माझ्या भरल्या वांग्यांच्या प्रेमात पडले, तेवढी एकच निरुपद्रवी गोष्ट. बाकी सगळंच भयंकर. स्वतःच्या हातानं कष्ट करायचे आणि दुसऱ्याची सेवा करायची म्हणून बर्फ पडलं की हे फावडं घेऊन लोकांचे ड्राइव्हवे साफ करायला निघायचे. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, छातीत एक स्टेंट. दहा फावडी मारली की ते फावड्यावर रेलून डोळे मिटायचे. समोरचा वकील खिडकीतून त्यांना पाहून पांढराफटक पडायचा, कारण हे आपल्या ड्राइव्हवेवर मेले तर काय, हा प्रश्न इन्शुरन्सच्या कागदांत कुठेच नव्हता. शेवटी असं झालं की बर्फाचा अंदाज दिसला की सगळी गल्ली पहाटे उठून, आजोबांच्या आधी आपापला बर्फ काढून मोकळी व्हायची. आमच्या भागात इतके स्वच्छ रस्ते पुन्हा कधी झाले नाहीत. मग एकदा त्यांना ज्युरीचं बोलावणं आलं. ते गेले, आणि न्यायाधीशांना म्हणाले की मी शपथ घेणार नाही. न्यायाधीश बाई भल्या होत्या. शपथ नको असेल तर नुसती हमी द्या म्हणाल्या. तेव्हा आजोबांनी सांगितलं की अडचण शपथेची नाहीच, मला न्यायच करायचा नाही, मी आजवर पुष्कळ माणसांना मरणाची शिक्षा दिली आहे. पुस्तकांत, हो, पुस्तकांत, असं गालिना मागच्या बाकावरून ओरडली म्हणून बरं.

गालिनाचं मात्र खरंच धाबं दणाणलं होतं. तिची झोप उडाली. मोजे कोंबलेल्या भोकातून कोणीतरी बघतंय असं तिला वाटायचं. एक दिवस ती माझ्याकडे आली, नेहमीप्रमाणे ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी एका भित्र्या माणसाशी लग्न केलं होतं. सुखात होते. शूर माणसाबरोबर मला राहता येत नाही." त्यांची मुलगी ओहायोतल्या डब्लिनला असते. गालिना बॅग भरून तिच्याकडे निघून गेली. आजोबा तिला सोडायला विमानतळावर गेले, आणि परतल्यावर आमच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिले. मी चहा नेऊन दिला आणि मला आवरलं नाही म्हणून विचारलं, की तुम्हाला आता भीती वाटत नाही का? ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी काहीतरी खुळचट बोलले आहे. "पूर्वी कुलपाच्या आत बसून घाबरायचो," ते म्हणाले. "आता कुलपाशिवाय घाबरतो. भीती तेवढीच आहे. गालिनाला हे पटत नाही. तिला वाटतं मी शूर झालो."

रॉय आला तो त्यानंतर. आजोबा लोकल ट्रेननं शिकागोला गेले होते आणि येताना एका माणसाला बरोबर घेऊन आले. सव्वासहा फूट उंच, दाढी छातीपर्यंत, अंगात उन्हाळी जाकीट. रॉय आधी घरांची छपरं घालायचा. छपरावरून पडला, दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली, मग चोरी, मग तुरुंग, मग रस्ता. हे सगळं आजोबांनीच मला सांगितलं, आणि पाहुण्याला कुठलं जेवण आवडतं हे सांगावं तितक्या सहज पुढे म्हणाले की त्याला अधूनमधून आवाज ऐकू येतात. मी घरून काम करते. नितीन सकाळी ट्रेननं शिकागोला जातो तो संध्याकाळी येतो. माझं टेबल खिडकीशी, आणि खिडकीसमोर त्यांचं स्वयंपाकघर. रॉय बहुतेक वेळा गुपचूप बसून असायचा. त्यानं आजोबांची गळकी पन्हळ दुरुस्त केली, आमचीही न सांगता केली. पण कधीकधी तो अंगणात उभा राहून कोणाशी तरी वाद घालायचा, आणि समोर कोणी नसायचं. अशा वेळी मी मीटिंगमध्ये काय बोलत होते ते विसरून जायची. नितीन रोज दुपारी फोन करून विचारायचा, "सगळं ठीक?" आणि मी ठीक म्हणेपर्यंत त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू यायचा.

आजोबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. काहीही झालं तरी पोलिसांना फोन करू नका. ते बंदूक घेऊन येतात, रॉयला नीट बोलता येत नाही, आणि मग जे व्हायचं ते अर्ध्या मिनिटात होतं. मी म्हटलं, आजोबा, मी असं वचन देणार नाही. "बरोबर आहे," ते खूश होऊन म्हणाले. "वचन देऊच नका. शपथा घ्यायला मनाई आहे."

फेब्रुवारीतली दुपार होती. थंडी इतकी की खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी आली होती. मी काम करता करता वर पाहिलं तर समोरच्या स्वयंपाकघरात रॉय उभा होता आणि त्याच्या हातात पाव कापायचा लांब सुरा होता. आजोबा टेबलाशी बसले होते, दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून. रॉय काहीतरी ओरडत होता. शब्द कळत नव्हते, पण तोंड दिसत होतं. मी नितीनला फोन लावला, तो उचलेना. पोलिसांचा नंबर दाबायला बोट फोनवर ठेवलं आणि मला आजोबांचं ते अर्धं मिनिट आठवलं. मी शूर वगैरे नाही. मला झुरळाचीही भीती वाटते. पण समोर बसून बघत राहणं त्याहून कठीण झालं, म्हणून मी बूट चढवले आणि बर्फातून पलीकडे गेले. दार लोटलं, ते उघडलं.

आत गेल्यावर आधी मला आजोबांचे हात दिसले. ते इतके थरथरत होते की टेबलावरचा चमचा वाजत होता. त्यांची पँट मांडीपर्यंत ओली झाली होती. तरी त्यांनी माझ्याकडे पाहून, पाहुणी आल्यासारखं म्हटलं, "बसा. रॉयला वाटतंय की मी पोलिसांना बोलावलंय. तुम्ही सांगा त्याला." रॉय माझ्याकडे वळला. सुरा त्याच्याबरोबर वळला. त्यानं विचारलं, "तू केलास का फोन?" खोटं बोलायला जेवढी अक्कल लागते तेवढीही त्या क्षणी शिल्लक नव्हती. मी म्हटलं, "नाही केला. पण करणार होते. मला तुझी भीती वाटते." रॉय म्हणाला की बाकीचे सगळे मला सांगतात, तुला कोण घाबरतंय, आणि मग फोन करतात. तो जरा शांत झाल्यासारखा वाटला, आणि अचानक सुरा हातात तसाच धरून, कोट न घालता, तो पुढच्या दारानं बाहेर निघून गेला.

आजोबा उठले. खुंटीवरचा स्वतःचा जाड कोट काढला आणि त्याच्या मागे निघाले, सपाता घालून. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागानं नव्हे, घाईत असलेला माणूस सोडवतो तसा. आम्ही बाहेर आलो तेव्हा रॉय रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी वळत होती. समोरच्या वकिलानं फोन केला होता. त्यालाही दोष देता येत नाही. त्याच्या खिडकीतून सुरा घेतलेला माणूसच तेवढा दिसत होता. दोन पोलिस उतरले आणि गाडीच्या दारांआड उभे राहून बंदुका रोखत ओरडले, सुरा टाक. रॉय सुरा टाकेना. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता, आभाळाकडे बघत काहीतरी बोलत होता. आणि त्या सगळ्यातून आमचे आजोबा, ओल्या पँटीनं, सपाता फरफटत, हातात कोट घेऊन, बर्फातून चालत निघाले. पोलिस त्यांच्यावरही ओरडत होते, सर, बाजूला व्हा. ते चालतच राहिले. तोंडानं सारखं रशियनमध्ये काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणताहेत. नंतर विचारलं तेव्हा ते ओशाळून म्हणाले की देवाला शिव्या घालत होतो.

ते रॉयपाशी पोचले, बंदुकांकडे पाठ करून उभे राहिले आणि त्याला कोट घालू लागले. उंची त्याच्या खांद्याएवढी, त्यामुळे चवड्यांवर उभं राहून. आधी डावा हात. डावा हात बाहीत गेला. मग त्यांनी उजवी बाही पुढे धरली. उजव्या हातात सुरा होता, आणि सुरा धरून हात बाहीत जाईना. शाळेत जाणाऱ्या पोराला आई घालते तसं आजोबा ती बाही त्याच्या मुठीवर ओढत होते, पुन्हा पुन्हा, आणि काहीतरी करवादत होते. रॉयनं खाली पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, की हे का अडकतंय. आणि मग त्यानं मूठ उघडली. सुरा बर्फात पडला, आवाजही झाला नाही. आजोबांनी बाही चढवली, त्याच्या गळ्यापर्यंत बटणं लावली, आणि मग ते तिथेच रस्त्यावर बसले.

रॉयला पोलिसांनी इस्पितळात नेलं. बेड्या घातल्या, पण कोट काढला नाही. आजोबांनाही ॲम्ब्युलन्समधून नेलं. पायाची दोन बोटं थंडीनं गेली आणि मागोमाग न्यूमोनिया झाला. गालिना डब्लिनहून आली ती थेट इस्पितळात. पलंगाशी उभी राहून तिनं त्यांना असं काही फैलावर घेतलं की नर्सनं येऊन दार लावलं. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. तिनं शेवटी विचारलं, "तू घाबरला नव्हतास?" ते म्हणाले, "पँट बघितली नाहीस का?" मग गालिना रडायला लागली आणि त्यांच्या उशाशी बसली. मला वाटतं, आपला नवरा आपल्याला परत मिळाला असं तिला त्या उत्तरानं वाटलं असावं. बरे झाल्यावर ती त्यांना डब्लिनला घेऊन गेली. शेजारचं घर विकलं गेलं. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, कुत्र्याला फिरवतात, हात हलवतात.

डब्लिनहून आजोबांचा अधूनमधून फोन यायचा. मुलीच्या घराला कुलूप होतं आणि ते लावलं जायचं. मुलीचं घर, तिची मर्जी, असं ते म्हणायचे, पण पत्ते खेळताना हरलेल्या माणसासारख्या आवाजात. कादंबरी पुरी झाली का विचारलं तर सांगायचे, की झाली, शेवटी खुनी आणि पाद्री बसून सूप पितात, आणि प्रकाशक म्हणतो की हा शेवट नव्हे. रॉयला औषधं लागू पडली. पुढे तो शिकागोला एका अन्नछत्राच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. दर रविवारी आजोबा त्याला फोन करायचे. काय बोलायचे कोण जाणे. गालिना म्हणायची, दोघंही फारसं काही बोलत नाहीत, फोन नुसता चालू असतो.

गेल्या ऑक्टोबरात आजोबा झोपेत गेले. आम्ही डब्लिनला गेलो. फार माणसं नव्हती. मुलगी, जावई, आमच्याकडच्या रशियन दुकानातल्या दोन म्हाताऱ्या, आणि अगदी मागच्या बाकावर दाढी कापलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला रॉय. त्याला गालिनानं स्वतः फोन करून कळवलं होतं आणि तो रात्रभर बसनं आला होता. सगळं आटोपल्यावर ती आमच्याजवळ आली आणि तिनं विचारलं, तुम्ही जाताना त्याला शिकागोला सोडाल का?

नितीननं माझ्याकडे पाहिलं आणि हसऱ्या चेहऱ्यानं, मराठीत, हळूच म्हणाला, "अगं, सहा तास आहेत." मी म्हटलं, माहीत आहे. "मागे बसणार तो. माझ्या मागे." मी म्हटलं, मग माझ्या मागे बसू दे. रॉयनं विचारलं, ते काय म्हणतात? मी सांगितलं, वाटेत जेवायला कुठे थांबायचं ते ठरवतोय.

आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, मैलोगणती. नितीन दर मिनिटाला आरशात बघत होता. रॉयचे गुडघे माझ्या सीटच्या पाठीला लागत होते आणि त्यानं जरा हालचाल केली की माझा मणका ताठ व्हायचा. तासाभरानं रॉय म्हणाला, "रविवारी तो मला विचारायचा, या आठवड्यात कशाची भीती वाटली? मी सांगायचो. मग तो त्याचं सांगायचा. त्याची यादी नेहमी मोठी असायची." नितीनला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. थोड्या वेळानं त्यानंच, समोर रस्त्याकडे बघत, विचारलं, "कशाकशाची?" रॉयनं सांगायला सुरुवात केली. जिन्याची, जावयाच्या गाडी चालवण्याची, गालिना आधी जाईल याची, खारींची. सांगता सांगता इंडियानापोलिसच्या अलीकडे तो झोपला. त्याचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटत होतं.

नितीननं गाडी कडेला घेतली, अंगातलं जाकीट काढून माझ्याकडे दिलं आणि मानेनं मागे खूण केली. मी मागे वाकून ते रॉयच्या डोक्याखाली सरकवलं. रॉय जागा झाला नाही. नितीननं हीटर वाढवला, आरसा नीट केला, आणि आम्ही पुढे निघालो.